चाचांना न दिसलेलं बटण

चाचांचं जे झालं ते माझ्यामुळं झालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता कुणाला माझा पुळका यायला नको.

तेलगावच्या चौकापासून चार पावलांवर आमचं फ्लेक्सचं दुकान होतं. पुढं काउंटर, मधे दोन कॉम्प्युटर, मागं छपाईचं मशीन. एका कॉम्प्युटरवर मी, दुसऱ्यावर चाचा. मशीनवर एक दादा आणि सगळ्यांवर मालक. मी डिझाईनचा कोर्स करून आलेली, फाटक्या तोंडाची, आणि या दुकानात सगळ्यात जास्त अक्कल मलाच आहे असं समजणारी. गिऱ्हाईकानं ‘ताई’ म्हटलं तर मी मान वर करायची नाही. ‘मॅडम’ म्हटलं की लगेच काम.

चाचा मूळचे पेंटर. शाळांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीतल्या भिंती, सगळं त्यांनी तीस वर्षं ब्रशनं केलेलं. फ्लेक्स आलं आणि भिंतींचं काम बसलं. मालकांनी त्यांना दुकानात घेतलं आणि साठीच्या तोंडावर माऊस धरायला लावला. शिकायला महिना लागला, पण शिकले. सुट्टीच्या दिवशी मात्र कुणाची पाटी असली तर अजून ब्रश घेऊन जायचे. अक्षराचं मला जे काही कळतं ते त्यांनीच शिकवलं. माझ्या मागं उभं राहून म्हणायचे, “त्या अक्षराला जरा पोट दे बेटी, उपाशी दिसायलंय.” मी पोट द्यायची आणि अक्षर बरं दिसायचं. तेव्हाही मी कधी बरं म्हटलं नाही.

आमच्या भागात वाढदिवसाचं बॅनर करणं म्हणजे पोरखेळ नाही. मधे ज्याचा वाढदिवस तो, वर मोठे नेते, आणि खाली शुभेच्छुक. शुभेच्छुक म्हणजे ज्यांना आपला फोटो चौकात लागलेला बघायचा असतो ते सगळे. कुणाचा फोटो कुणाच्या शेजारी, कुणाचा बोटभर मोठा, कुणाचा कुणाच्या वर, यात जरा इकडंतिकडं झालं तर सकाळी बॅनर फाटलेलं असतं आणि दुपारी दुकानासमोर गाड्या उभ्या असतात. हे सगळं चाचांच्या डोक्यात होतं. कोण कुणाचा सोयरा, कुणाचं कुणाशी मागच्या पंचायतीपासून बोलणं नाही, कोण आता फुटून दुसरीकडं गेला, सगळं. भिंती रंगवता रंगवता कळलेलं. म्हणून जास्त फोटोंचं बॅनर आलं की ते चाचांकडं जायचं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मी ठेवली नव्हती.

फोटो एकेक करून मांडायला अर्धा दिवस जायचा. मला वैताग आला. मी इंटरनेटवर बघून बघून डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा बारका प्रोग्राम, लिहिली. ती चालवली की स्क्रीनवर एक खिडकी उघडायची. फोल्डरमध्ये जितके फोटो तितक्या ओळी, एकाखाली एक. प्रत्येक ओळीत माणसाचं नाव, त्याच्या जागेचा नंबर आणि फोटो मोठा का बारका. सगळं भरलं की सगळ्यात खाली एक बटण, ‘मांडा’. ते दाबलं की सगळे फोटो आपापल्या जागी जाऊन बसायचे. पहिल्यांदा चाललं तेव्हा मालकांनी दुकानातल्या सगळ्यांना पेढे दिले आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटले, आमच्या मॅडमनी सॉफ्टवेअर बनवलं. मी आठ दिवस हवेत होते.

एक शहाणपणा मी आणखी केला. एंटरचं बटण दाबलं की खिडकी अर्धवट भरलेली असतानाच काम सुरू व्हायचं, म्हणून मी एंटर बंद करून टाकलं. आता ‘मांडा’ दाबल्याशिवाय काहीच होणार नाही. आणि अडकलंच तर कीबोर्डच्या कोपऱ्यातलं एस्केप दाबायचं, खिडकी बंद होते. भरलेलं सगळं जातं, पण खिडकी बंद होते.

पहिला महिना चाचांचं बरं चाललं. मग निवडणुकीचे दिवस जवळ आले आणि शुभेच्छुक पावसाळी किड्यांवाणी वाढले. एका दुपारी चाचा म्हणाले, “बेटी, बटण न्हाई.”

“कुठलं बटण?”

“मांडा. ते न्हाई दिसत.”

मी उठले, त्यांच्या मशीनपाशी गेले. त्यांनी भरलेल्या ओळींकडं मी बघितलंसुद्धा नाही. एस्केप दाबलं, पाच फोटोंचं माझं तपासणीचं फोल्डर उघडलं, स्क्रिप्ट चालवली. पाच ओळी, खाली बटण.

“हे काय हाय, चाचा?”

“बटण हाय,” ते म्हणाले.

“मग?”

“आता हाय. मघाशी न्हवतं.”

दादा मागून हसला. मी पण हसले. चाचांनी पुन्हा सगळं भरलं, पुन्हा बटण दिसलं नाही, आणि मग त्यांनी ते बॅनर गुपचूप हातानं मांडलं. मला सांगितलं नाही. मला ते दादाकडून कळलं आणि माझं डोकं फिरलं. मी एवढी मेहनत घेऊन स्क्रिप्ट लिहायची आणि ह्यांनी मागच्या दारानं जुनंच करायचं?

आता दोष शोधायचा म्हणजे रीतसर शोधायचा. मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. सेटिंग पुसून नवी केली. स्क्रिप्टमध्ये ठिकठिकाणी सूचना पेरल्या, म्हणजे चालताना ती ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’ असं सांगत जाईल आणि कुठं अडकते ते कळेल. चाचांच्या मशीनवर ‘तीन’ यायचं, ‘चार’ यायचं नाही. तीन म्हणजे खिडकी उघडली. चार म्हणजे बटण दाबलं. दोन्हींच्या मधे माझ्या स्क्रिप्टची एकही ओळ नव्हती. मधे फक्त चाचा होते. मी मालकांना तसंच सांगितलं, “मालक, दोष खुर्चीवर बसलाय.”

इंटरनेटवर अशा स्क्रिप्टा लिहिणाऱ्यांचं एक चर्चेचं पान होतं, तिथंही मी विचारलं. एका मशीनवर चालतं, दुसऱ्यावर चालत नाही, काय करू. कुठल्या तरी देशातल्या माणसानं उलट दोन प्रश्न विचारले. दुसऱ्या मशीनचा स्क्रीन केवढा आहे आणि तिथं ओळी किती भरता? मला राग आला. मी विचारते काय, हा सांगतो काय. मी त्याला उत्तर दिलं नाही.

मग मला कारण सापडलं. कारण चाचांनीच दिलं. “कवा दिसतं, कवा दिसत न्हाई,” असं ते म्हणाले, आणि मी टाळी वाजवली. “चाचा, याला मोतीबिंदू म्हणतात.”

त्या दिवसापासून दुकानात त्यांचं नाव पडलं ‘बटण चाचा’. नाव मीच ठेवलं. दादा आल्याआल्या विचारायचा, “काय चाचा, आज उगवलं का बटण?” चाचा हसायचे. माणूस चिडला असता तर मी कदाचित थांबले असते, पण ते हसायचे आणि चष्मा सदऱ्याला पुसायचे. ते पुसणं बघून मला आणखी चेव यायचा. एकदा काउंटरवर तीनचार गिऱ्हाइकं असताना मी कागदावर अक्षरं काढली, वरची मोठी, खाली खाली बारकी होत गेलेली, कागद भिंतीला लावला आणि चाचांना दहा पावलं लांब उभं केलं. डोळ्याच्या डॉक्टरवाणी एक डोळा झाका म्हणाले. त्यांनी झाकला. सगळ्या ओळी वाचल्या. मी आणखी बारक्या ओळी लिहिल्या, मुंगीएवढ्या. त्यातलं शेवटचं अक्षर चुकलं. मी म्हणाले, “बघा.” गिऱ्हाइकं हसली. एकजण म्हणाला, मलाच दिसंना ते. मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

चाचा कागदाजवळ गेले, ते अक्षर निरखून बघितलं आणि म्हणाले, “ह्याला पोट न्हाई दिलं.” पण आवाजात जोर नव्हता. मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या डोळ्यांचा संशय आला.

मग ते मोठं बॅनर आलं. एका पुढाऱ्याचा वाढदिवस, दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात लागायचं, त्रेचाळीस फोटो. मालक चाचांना सकाळीच म्हणाले होते, “चाचा, हे मॅडमच्या स्क्रिप्टवर झालं पायजे. हातानं मांडत बसला तर दुसरी कामं पडून राहतात. आज जमलं न्हाई तर मला दुसरा माणूस बघावा लागंल.” म्हणजे त्या खुर्चीचा निकाल त्या दिवशी होता, आणि ते चाचांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

त्यांनी दिसल्या तेवढ्या ओळी भरल्या. बटण नव्हतं. एस्केप. पुन्हा त्याच ओळी. जेवायला उठले नाहीत. तिसऱ्यांदा भरायला लागले तेव्हा मला म्हणाले, “बेटी, एकडाव ये. भरलेलं असताना बघ. मी हात लावत न्हाई कशाला.”

मी माझ्या जागेवरून म्हणाले, “किती डाव येऊ? बटण काय आभाळातून पडणार हाय का?”

“एकच डाव.”

“चाचा, मला कामं हायत.”

मी उठले नाही. सात पावलं होती. नंतर मी मोजली आहेत.

त्यांनी मालकांना बोलावलं. मालक आले, स्क्रीनकडं बघितलं. मालकांना बटण कसं असतं हेच माहीत नव्हतं, त्यांना काय दिसणार? ते म्हणाले, “मॅडमच्या मशीनवर कावून चालतं मग?” पाच वाजले. चाचा म्हणाले, “मालक, दोन तास द्या. मी हातानं मांडतो. एक फोटो हिकडचा तिकडं होणार न्हाई.”

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी नुसतं ‘मांडू द्या’ म्हटलं असतं तरी झालं असतं. मी म्हणाले, “मग मी स्क्रिप्ट कावून लिहिली?”

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. “चाचा, लई राबलात. डोळ्यांना आराम द्या आता.” चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि रिकाम्या खुर्चीला हात जोडले. मला त्या हात जोडण्याचाही राग आला. बॅनर मी माझ्या मशीनवर स्क्रिप्टनं केलं. एका झटक्यात झालं. बघा, असं मी दादाला म्हणाले.

पंधरा दिवसांनी माझं मशीन बिघडून दुरुस्तीला गेलं. मी चाचांच्या मशीनवर बसले. तो जुना चौकोनी मॉनिटर, माझ्यापेक्षा बराच बुटका. बॅनर अडतीस फोटोंचं होतं. स्क्रिप्ट चालवली, खिडकी उघडली, ओळी भरत खाली खाली गेले. शेवटच्या दिसणाऱ्या ओळीनंतर स्क्रीन संपला. खिडकी संपली नव्हती. खिडकी स्क्रीनच्या काठाखाली गेली होती आणि बटण तिच्यासोबत खाली गेलं होतं.

बटण नव्हतं. मी बघितलं, वाकून बघितलं, येड्यासारखी मॉनिटरच्या खालच्या पट्टीला बोट लावून बघितलं. खिडकी वर ओढली, ती वरच्या काठाला अडकली. एंटर दाबलं. एंटर मीच बंद केलं होतं. फोटो थोडे असले की बटण दिसणार, जास्त झाले की नाही. कवा दिसतं, कवा दिसत न्हाई. आणि चाचा होते तोवर जास्त फोटोंची बॅनरं त्यांच्याकडंच यायची; त्रेचाळीसांचं ते एक माझ्याकडं आलं, ते माझ्या उंच स्क्रीनवर मावलं. आणि मी दरवेळी पाच फोटो घेऊन तपासायला जायची.

मला घाम फुटला. लाज वाटली म्हणून फुटला असं लिहायला बरं वाटलं असतं, पण खरं सांगते, पहिला विचार आला तो हा की मागं दादा बघत तर नाही ना. तो छपाईच्या मशीनला शाई भरत होता. मी स्क्रिप्ट उघडली. ओळी एकाच रांगेत न लावता दोन रांगांत लावल्या आणि बटण उचलून सगळ्यात वर नेलं. पाच मिनिटं लागली. चालवून बघितलं, बटण समोर. त्या पाच मिनिटांच्या कामासाठी मी एका माणसाला तीन महिने सगळ्यांसमोर सोललं होतं.

मालक आत आले. “जमलं का या डबड्यावर?”

“जमलं.”

“म्हणजे मशीन चांगलं हाय.”

“हो,” मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तर मी नुसती भित्री ठरले असते. पण पुढं दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून दोन दुश्मनांचे फोटो शेजारीशेजारी लागले, चौकात बॅनर फाटलं आणि गाड्या आल्या. मालकांनी हात जोडून निस्तरलं. संध्याकाळी मला म्हणाले, “मॅडम, चाचांना बोलवावं का परत? डोळ्याचं राहू द्या, नुसतं बसून सांगतील कोण कुठं ते.”

मला तेव्हा सगळं माहीत होतं. चाचा आले असते तर त्याच मशीनवर बसले असते, खिडकी उघडली असती आणि बटण वर बघून म्हणाले असते, बेटी, हे कवा बदललं? मालकांनी विचारलं असतं, का बदललं? मी म्हणाले, “कशाला त्या म्हाताऱ्या माणसाला त्रास? दिसत न्हाई त्यांना. घरी हायत ते बरं हायत.” मालक म्हणाले, “तेबी खरंच हाय.”

चाचा मला पुढच्या उन्हाळ्यात बस स्टँडवर भेटले. परळीची गाडी धरायला उभे होते, तिथून पुढं धर्मापुरीला लेकीकडं जायचं होतं. मला वाटलं तोंड फिरवतील. तेच पुढं आले. “बेटी, बरी हायेस ना?” नवा चष्मा होता. मी विचारायच्या आधीच सांगायला लागले. परळीला डॉक्टरला दाखवलं. तो म्हणला डोळे लई चांगले हायत, वयाच्या मानानं तर एक नंबर. दुसऱ्याला दाखवलं, तोबी तेच म्हणला. चष्माबी मीच हट्टानं मागून घेतला, जुन्याच नंबरचा.

“पण डॉक्टरला काय कळतंय,” चाचा म्हणाले. “मला बटण दिसत न्हवतं हे त्याला ठावं न्हाई. तुला ठावं हाय.”

मी गाडीच्या वाटेकडं बघत राहिले.

“ब्रश सोडला मी. जावयाच्या वळखीनं धर्मापुरीत शाळेची पाटी आलती. न्हाई म्हणालो. पोरांची शाळा हाय, उद्या एखादं अक्षर राहून गेलं आन् मला दिसलंच न्हाई तर? ते बटणबी तसंच, तिथं असायचं आन् मला दिसायचं न्हाई. तू त्या वक्ताला सांगितलंस म्हणून मी येळेवर थांबलो, बेटी. न्हाईतर लोक हसले असते.”

ते मनापासून बोलत होते. त्यात टोमणा असता तर मला किती बरं वाटलं असतं. मी सांगायला तोंड उघडलं. सांगायचं होतं फक्त एवढंच, की चाचा, बटण नव्हतंच. दोन शब्दांत माणसाचे डोळे परत देता आले असते, आणि गाडी अजून लागायची होती, वेळ भरपूर होता. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला कवा कळलं? आणि वर्ष झालं असं मला सांगावं लागलं असतं.

“काळजी घ्या, चाचा,” मी म्हणाले.

गाडी आली. पाटीवर हातभर अक्षरांत परळी लिहिलेलं होतं. चाचांनी ते वाचलं, ओठ हललेले मी बघितले. तरी माझ्याकडं वळून म्हणाले, “परळीच हाय ना, बेटी? तू बघ.”

मी पाटीकडं बघितल्यासारखं केलं आणि हो म्हणाले. मग त्यांनी हात पुढं केला. मी तो धरला आणि आंधळ्याला चढवतात तसं त्यांना एकेक पायरी सांगत गाडीत चढवलं.